आयांच्या वह्यांना मंडळीत जागा द्या

सांगली, मिरज, सातारा आणि आसपासच्या गावांतल्या मंडळ्यांचे सर्व पाळक व पंच यांस,



हे पत्र मी सगळ्यांसमोर लिहिते आहे, कारण यातली मागणी एका मंडळीपुरती नाही. ती पुरी व्हायची तर व्यासपीठावरच्यांइतकाच बाकावर बसणाऱ्यांचाही हातभार लागेल. मागणी साधी आहे. आपल्या आयांनी घर चालवता चालवता विश्वासाच्या ज्या लहानसहान गोष्टी शोधून काढल्या आणि एकमेकींना सांगून धीर दिला, त्या लिहून घ्या, जपून ठेवा आणि उपासनेत त्यांना वेळ द्या.

कोणत्या गोष्टी, असं विचाराल. तापाने फणफणलेल्या लेकराच्या उशाशी बसून कोणतं स्तोत्र हळू आवाजात म्हटलं की त्याचा डोळा लागतो. परीक्षेच्या सकाळी डोक्यावर हात ठेवून किती थोडकं बोलावं. घरातला पगार थांबला त्या महिन्यात देवाचा वाटा कशातून काढला. वयात आलेली मुलगी देवावर रागावली, तेव्हा तिच्याशी वाद न घालता तिच्याजवळ कसं बसून राहिलं. आणि रात्रपाळीला जाणाऱ्या नर्स आईने मुलांसाठी वचनाची चिठ्ठी डब्याच्या झाकणाखाली ठेवली, की उशीखाली.

ही शेवटची गोष्ट तर मिरजेत घरोघरची. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये तिथे रुग्णालय उघडलं. पुढे परिचारिकांचं शिक्षण सुरू झालं आणि आपल्या समाजातल्या कितीतरी बायका पांढरा गणवेश घालून कामाला लागल्या. वानलेस यांचं नाव रुग्णालयाला लाभलं, वानलेसवाडीला लाभलं, आणि ते योग्यच झालं. पण रात्रभर वॉर्डात उभं राहून सकाळी घरी मुलींच्या वेण्या घालणाऱ्या त्या आयांनी आपली भक्ती कोणत्या वेळेत बसवली, थकव्यात प्रार्थना कशी केली, मुलांना एकटं ठेवताना मन कसं घट्ट केलं, हे मला आजवर कुठे वाचायला मिळालेलं नाही. त्या बायका मात्र एकमेकींना हे सांगत आल्या आहेत.

कुठे सांगतात, ते बघायचं असेल तर डिसेंबरच्या मधल्या आठवड्यात बेकरीत या. नाताळची नानकटाई अजूनही आपल्यातल्या पुष्कळ बायका भट्टीवरच भाजून आणतात. घरून मैदा, पिठीसाखर, तूप आणि कुटलेली वेलची घेऊन जायचं, मजुरी ठरवायची, आपल्या पत्र्यावर नावाची चिठ्ठी लावायची आणि नंबर येईपर्यंत बाकड्यावर बसून राहायचं. हात चारोळी लावण्यात गुंतलेले आणि तोंडाने बोलणं चाललेलं. अशाच एका संध्याकाळी एक तरुण आई म्हणाली, "मावशी, पोरगं भक्तीला बसतच नाही हो. डोळे मीट म्हटलं की पळतं." शेजारी बसलेल्या मावशी पत्र्यावरची नजर न काढता म्हणाल्या, "त्याला प्रार्थना करायला सांगू नकोस. त्याला विचार, आज कोणासाठी मागायचं? नावं त्याने सांगायची, मागायचं तू. आणि डोळे उघडे राहिले तरी राहू देत." पुढच्या रविवारी मंडळीच्या पायऱ्यांवर ती आई भेटली. मुलाने पहिल्या दिवशी शाळेच्या रिक्षावाल्या काकांचं नाव सांगितलं होतं, कारण त्यांची रिक्षा बंद पडली होती. दुसऱ्या दिवशी त्याने स्वतःच आईला विचारलं, "रिक्षा सुरू झाली का, ते बघायचं ना?"

पाळकसाहेब, लहान मुलाला प्रार्थना शिकवण्यावर आपण शब्बाथशाळेच्या शिक्षकांचे वर्ग घेतो, पुस्तिका छापतो. ते करायलाच हवं. पण त्या मावशींनी दोन-चार वाक्यांत जे सांगितलं, ते तीन पोरं वाढवून हाती आलेलं ज्ञान होतं. मुलाला शेजाऱ्याची काळजी करायला लावली की प्रार्थना आपोआप येते, हे त्यांनी अनुभवाने जाणलं होतं. नानकटाई डब्यात भरली गेली आणि ते बोलणं भट्टीपाशीच राहिलं. दुसऱ्या गल्लीतल्या आईपर्यंत ते पोचलं नाही.

अशी बरीच शहाणपणाची शिदोरी आपल्याकडे आहे. दिवाळीत शेजारच्या काकूंकडून फराळाचं ताट येतं, ईदला समोरच्या भाभींकडून शीरखुर्मा येतो आणि नाताळात आपल्या करंज्या, शंकरपाळ्या, चकल्या त्यांच्याकडे जातात. ताट रिकामं परत जात नाही, निदान मूठभर साखर तरी त्यात जाते. आपल्या आया हे पिढ्यानपिढ्या पाळत आल्या. घरात आजारपण असो की ओढगस्त, ताट चुकलं नाही. शेजाऱ्यावर प्रीती करण्याबद्दल जितकी प्रवचनं मुलांनी ऐकली असतील, त्याहून अधिक त्या ताटावरचा रुमाल सांभाळत जिना उतरताना ती शिकली. हेही कुणीतरी लिहून ठेवायला हवं, कारण आता ताटांची जागा मोबाइलवरच्या शुभेच्छा घेऊ लागल्या आहेत आणि नव्या सुनेला ही रीत सांगायला घरात सासू असेलच असं नाही.

हे विषय घरगुती आहेत, उपासनेत कसे आणायचे, असा प्रश्न काही पंचांच्या मनात येईल. मी आदराने म्हणेन, ते आधीच तिथे आहेत. लूकच्या शुभवर्तमानाचा पंधरावा अध्याय काढा. हरवलेलं नाणं शोधणारी ती बाई दिवा लावते, घर झाडते, मन लावून शोधते, आणि नाणं सापडल्यावर मैत्रिणींना आणि शेजारणींना बोलावून आनंद करते. स्वर्गातला आनंद कसा असतो हे सांगायला प्रभूने एका बाईचं घर झाडणं निवडलं. मत्तयाच्या तेराव्या अध्यायात देवाचं राज्य समजावताना त्याने पिठात खमीर मिसळणारी बाई उभी केली. हे त्याने कुठे पाहिलं असेल? नासरेथच्या घरात, आईच्या हातांकडे बघतच पाहिलं असेल, असं मला नेहमी वाटतं. पौलाने तीमथ्याला लिहिलं, तेव्हा त्याच्या विश्वासाचं मूळ सांगताना त्याची आजी लोईस आणि आई युनीके यांची नावं घेतली. त्या दोघींनी त्या मुलाला घरात नेमकं काय सांगितलं, काय करायला लावलं, याची एक ओळही आपल्यापर्यंत आली नाही. ती आली असती तर जगभरातल्या आयांनी जिवापाड जपली असती.

एका मराठी आईच्या बाबतीत मात्र ती आली. आपल्याच मुलखाशी तिचा संबंध आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहिते. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी आयुष्याच्या अखेरीस साताऱ्यात राहून 'देवाचा दरबार' मांडला. त्यांचं संन्यस्त मन, त्यांची भजनं, त्यांचा मोठेपणा आपण सगळे जाणतो. त्या घरात चूल पेटती ठेवणाऱ्या त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई. नाशिकजवळच्या जलालपूरची ही मुलगी शाळेत गेली नव्हती, अक्षरं लग्नानंतर शिकली. माहेर असं, की सोवळ्याच्या धाकाने वडील मीठ-साखरसुद्धा धुऊन घेत. १८९५ मध्ये टिळकांचा बाप्तिस्मा झाला आणि संसार दुभंगला. पुढे कितीतरी दिवस मनाशी झगडून लक्ष्मीबाई स्वतः ख्रिस्ताकडे आल्या. कोणाच्या हातचं पाणी प्यायचं, कोणाबरोबर जेवायला बसायचं, या रोजच्या प्रश्नांतून त्यांचं मन बदलत गेलं. पंडितांच्या वादविवादात जे सुटत नव्हतं, ते स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर सुटलं.

टिळक १९१९ मध्ये गेले. वडिलांच्या चरित्रासाठी आठवणी हव्यात म्हणून मुलाने, देवदत्तांनी, आईला लिहायला बसवलं. त्यातून १९३४ पासून 'स्मृतिचित्रे' भागाभागाने बाहेर आलं. आज मराठीतल्या सर्वोत्तम आत्मचरित्रांत त्याची गणना होते. ख्रिस्ती घरात जे कधी पाऊल टाकणार नाहीत, असे कितीतरी वाचक त्या पुस्तकातून एका ख्रिस्ती आईच्या घरात जाऊन आले. आणि त्या पुस्तकात आहे काय? घागरी, पंगती, उधारी, आजारपणं, अवेळी आलेले पाहुणे, घरात आणून वाढवलेली परकी पोरं. मुलाने विचारलं नसतं तर हे सगळं लक्ष्मीबाईंबरोबर गेलं असतं.

दुसरं उदाहरण दूरचं आहे, पण गोष्ट तीच. इंग्लंडमधल्या एपवर्थ गावच्या सुझाना वेस्ली यांना एकोणीस मुलं झाली, त्यांतली जवळजवळ निम्मी लहानपणीच गेली. राहिलेल्या प्रत्येक मुलाशी निवांत बोलण्यासाठी त्यांनी आठवड्यातली एकेक संध्याकाळ वाटून दिली होती. जॉनच्या वाट्याला गुरुवार आला होता. हाच जॉन वेस्ली पुढे मेथडिस्ट चळवळीचा प्रवर्तक झाला. तुम्ही आम्हाला कसं वाढवलं ते लिहून पाठवा, असं त्याने मोठेपणी आईला विनवलं आणि १७३२ च्या जुलैमध्ये सुझानांनी ते सविस्तर पत्र लिहिलं. ते आजही वाचलं जातं. पाच मुलं हाताशी असताना एकाला एक संध्याकाळ देणं हे किती अवघड आहे, हे आयांना कळतं. तरी त्या पत्रामुळे कित्येकींना वाटलं असेल, निदान पंधरा मिनिटं तरी आपणही देऊ. मी स्वतः भाजी निवडताना एकेका मुलाला जवळ बसवायला लागले, ते हे वाचल्यावरच. मेथीची जुडी संपेपर्यंत मूल जे बोलतं, ते समोर बसवून विचारलं तर बोलत नाही.

आणि घरातली रीत मंडळीने उचलून धरली तर काय होतं, हे मिझोरामने दाखवलं आहे. तिथल्या ख्रिस्ती बायका स्वयंपाकाला तांदूळ घेताना त्यातली एक मूठ देवासाठी बाजूला काढतात. १९१० पासून ही रीत चालू आहे. मूठ मूठ तांदूळ गोळा होतो, विकला जातो आणि त्या पैशातून सुवार्तेचं काम चालतं. मंडळीच्या अर्पणाचा तो मोठा आधार झाला. गरीब घरातल्या बाईच्या हातात रोकड नसते, पण तांदळाच्या डब्यावर तिचा हात असतो, हे कुणाच्या तरी ध्यानात आलं आणि मंडळीने ते मनावर घेतलं. आपल्या तासगाव, जत, कवठेमहांकाळकडच्या खेड्यांत, कराड-वाईच्या बाजूला अशी एखादी रीत कुणा आईच्या ज्वारीच्या कणगीपाशी आजही चालू असेल. विचारल्याशिवाय ती कळणार कशी?

उशीर करू नका असं मी कळकळीने म्हणते, त्याला कृष्णामाई साक्षीला आहे. २००५, २०१९ आणि २०२१ अशा तीन महापुरांनी सांगली धुऊन काढली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये धोक्याची ४५ फुटांची पातळी ओलांडून आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं. पाणी ओसरल्यावर दोऱ्यांवर कपड्यांबरोबर पुस्तकांची पानं वाळत घातलेली सगळ्यांनी पाहिली. आमच्या ओळखीच्या एका आजींची वही त्यात होती. शाईच्या पेनाने लिहिलेली, पुठ्ठ्याची जाड वही. एका बाजूने उघडली की करंज्यांचं सारण, लोणच्याचं प्रमाण, बाळंतिणीच्या लाडवांचं साहित्य. उलट्या बाजूने उघडली की प्रार्थनेची यादी: तारीख, नाव आणि काय मागितलं ते. मागितलेलं मिळालं की त्या ओळीपुढे तांबड्या पेन्सिलीची खूण. खूण नसलेल्या ओळीही त्यांनी खोडल्या नव्हत्या. काही ओळींपुढे वर्षांनंतरची दुसरी तारीख होती, म्हणजे त्या पुन्हा मागायला बसल्या होत्या. पुरानंतर त्या वहीचा लगदा झाला. शाई उतरून पानं निळी पडली, अक्षर लागेना. आजी शांतपणे म्हणाल्या, "देवाकडे आहे ग लिहिलेलं." त्यांचं खरं आहे. पण त्यांच्या नातसुनांकडे आता ते नाही, आणि पहिलं मूल आजारी पडेल त्या रात्री त्यांनाच ते हवं असेल. खूण नसलेल्या ओळी घेऊन एक बाई वर्षानुवर्षं देवापुढे बसली होती, हे नुसतं बघूनही त्यांना धीर आला असता.

म्हणून माझ्या विनंत्या नेमक्या शब्दांत मांडते.

पहिली: महिन्यातल्या एका रविवारी उपासनेत एका आईला पाच मिनिटं द्या. साक्ष म्हटली की आपल्याकडे मोठा चमत्कार, मोठं आजारपण, मोठी सुटका अपेक्षित असते. लहान गोष्ट सांगायला बाई कचरते. तिला आधीच सांगा, की लहानच गोष्ट हवी आहे, या आठवड्यातली, घरातली.

दुसरी: मंडळीच्या कपाटात जन्म, बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांच्या नोंदवह्या असतात. त्यांच्याशेजारी आणखी एक वही ठेवा. आयांचं बोलणं तीत उतरवून घ्या. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्यासाठी तरुण संघाच्या मुलामुलींना घरी पाठवा. आजीपुढे बसून तासभर लिहून घेणं हे त्या मुलांसाठीही मोठं शिक्षण आहे. पंडिता रमाबाईंनी साध्या बायकांना कळावं म्हणून सोप्या मराठीत बायबलचं भाषांतर केलं आणि ते छापण्याचं काम केडगावच्या मुक्तिसदनातल्या बायकांनी केलं. त्या बायकांच्या लेकी-सुनांना पाच ओळी लिहून घेणं अवघड जाऊ नये.

तिसरी: घराघरांत जुन्या वह्या, पत्रं, गीतपुस्तकांच्या कोऱ्या पानांवरच्या नोंदी असतील, त्यांचे फोटो काढून ठेवा. मूळ वही घरातच राहू द्या. पावसाळ्याच्या आत हे करा.

चौथी: जे सांगितलं जाईल त्याची अब्रू राखा. नाव द्यायचं की नाही, हे त्या आईने ठरवावं. घरातले तंटे, सुनेच्या कागाळ्या, कुणाच्या मुलाचं वाकडं पाऊल, यांतलं काही वहीत येऊ नये. आणि ज्या घरात आई नाही, जिथे बाप, मावशी किंवा आजी ते काम करते, त्यांनाही तितक्याच मानाने बोलवा. ज्यांना मूल नाही अशा बहिणींनी शब्बाथशाळेत कितीतरी मुलं वाढवली आहेत. त्यांना वगळलं तर ही वही अपुरी राहील.

खर्च याला नाही. नवी समिती नको, ठराव नको. आपल्याकडे १८४२ पासून 'ज्ञानोदय' हे नियतकालिक आहे. मराठी ख्रिस्ती माणूस लिहितो आणि छापतो, ही परंपरा पावणेदोनशे वर्षांहून जुनी आहे. तिच्यात आयांची पानं थोडी आहेत. ती भरायला लागणारा मजकूर तुमच्या मंडळीच्या डाव्या बाजूच्या बाकांवर दर रविवारी डोक्यावर पदर घेऊन बसलेला असतो. उपासना संपल्यावर चहाच्या कपांची व्यवस्था तो बघतो, नाताळात वेदी सजवतो, आजाऱ्यांकडे डबा पोचवतो. एकदा त्याला बोलू द्या.

आणि माझ्या बहिणींनो, तुम्हालाही एक शब्द. "माझ्याकडे सांगण्यासारखं काय आहे?" असं म्हणू नका. तुम्ही काल रात्री ज्या उपायाने घरातलं भांडण मिटवलं, ज्या वचनाने स्वतःला सावरलं, त्याचीच एखादी आई आज वाट बघते आहे. एका वहीच्या उलट्या बाजूने सुरुवात करा.

मे महिन्याचा दुसरा रविवार आपण मदर्स डे म्हणून पाळतो. त्याची पहिली उपासना १९०८ मध्ये अमेरिकेतल्या ग्राफ्टन गावच्या एका मेथडिस्ट मंडळीत झाली होती. आपल्या आईच्या आठवणीसाठी अ‍ॅना जार्व्हिस यांनी ती घडवून आणली, आणि पुढे त्या दिवसाचा बाजार झाला तेव्हा त्याविरुद्ध त्याच लढल्या. आपल्या मंडळ्यांत त्या रविवारी आयांना गुलाब देतात. येत्या वर्षी गुलाब द्या किंवा देऊ नका, पण त्या दिवशी एका आईला पुढे बोलवा, तिचं म्हणणं ऐका आणि संध्याकाळपर्यंत ते वहीत उतरवून घ्या.

प्रभूच्या सेवेत आपली,
सांगलीच्या एका मंडळीतली एक आई